चढते, ते ठीक. लागते कशी?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बिअर शॉपीच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारले जातात. 'स्ट्रॉंग की माइल्ड?' आणि 'चिल्ड की साधी?' पहिला प्रश्न अल्कोहोलचा, दुसरा तापमानाचा. चवीचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर गिऱ्हाईक गोंधळेल. हेच गिऱ्हाईक हापूस घेताना देठाशी नाक नेतं. चहा एका घोटात 'पांचट' ठरवतं. मिसळीच्या तर्रीवरून तर आपल्याकडे कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांचं कधीच पटलेलं नाही. बिअरची पाळी आली की मात्र एवढी चिकित्सक जीभ चार शेऱ्यांवर येऊन थांबते: 'चढते', 'चढत नाही', 'डोकं धरते' आणि 'नुसतं पाणी आहे'. चारही शेरे परिणामाचे. चवीबद्दल त्यांत एक अक्षर नाही.

मी बिअर आवडीने पितो आणि मोजून पितो. शॉपीतली साडेसहाशे मिलीची बाटली मी पितो आणि पुण्या-मुंबईच्या टॅपरूममधला, बाटलीच्या दुप्पट किमतीचा ग्लासही पितो. दोन्हीकडे मला एकच अडचण येते. शॉपीत चवीसाठी शब्द नसतात. टॅपरूममध्ये शब्द भरपूर असतात, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेचे असतात. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या बिअरची चव ब्रूअरपेक्षा उत्पादन शुल्काच्या तक्त्याने जास्त घडवली आहे. त्या तक्त्यातून सुटायचं असेल तर आधी 'चढते का' हा प्रश्न बाजूला ठेवून 'लागते कशी' हे मराठीत विचारायला लागेल. आणि त्याचं उत्तर द्यायला लागणारे शब्द आपल्या स्वयंपाकघरात केव्हाचे पडून आहेत.

प्याला आणि काळी पिशवी

मराठीत दारूबद्दल बोलायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक रडण्याची, एक हसण्याची. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. तेव्हापासून दारू म्हटलं की सुधाकराची धूळधाण आणि सिंधूचे हाल डोळ्यांसमोर येतात. हसायचं असेल तर तळीराम आहेच. या नाटकाचं मोठेपण कमी करायचा प्रश्न नाही, घरं उद्ध्वस्त होतात हे खरंच आहे. पण या दोन रीतींमध्ये तिसरी रीत उगवलीच नाही. प्याल्यात काय आहे, ते आंबट आहे की तुरट, चांगलं केलंय की वाईट, असं विचारणारी. प्याला हा आपल्याकडे कायम प्रतीक राहिला. पेय झालाच नाही.

कायद्याचंही तसंच. आपल्या राज्यात दारू पिणं म्हणजे अजूनही दारूबंदीला दिलेली सवलत आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे, आणि प्यायला परवाना लागतो. म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असतं. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे सौम्य बिअर ही वेगळी वस्तू आहे हे कायद्याला कळतं. समाजाला ते कळत नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, मग काळ्या पिशवीत जाते, मग कुणाच्या तरी गच्चीवर किंवा गाडीच्या आडोशाला उघडते. लपून प्यायलेली गोष्ट भराभर प्यायली जाते. आणि भराभर प्यायचंच असेल, तर चवीपेक्षा पर्सेंटेज महत्त्वाचं होतं.

स्ट्रॉंगचं गणित

भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्रॉंगचा वाटा प्रचंड आहे. दर पाच बाटल्यांपैकी साधारण चार स्ट्रॉंगच्या. 'आपल्या लोकांना चवच कळत नाही' असा निष्कर्ष यावरून काढणारे लोक टॅपरूममध्ये बरेच भेटतात. त्यांच्यासाठी थोडं गणित.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्याचे दर नव्याने बांधले, तेव्हा 'भारतीय बनावटीच्या विदेशी मद्या'च्या १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये ठरली. (हा सरकारी शब्दप्रयोग एकदा सावकाश वाचावा. भारतीय बनावटीचं विदेशी.) क्वार्टरमधली दारू ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. स्ट्रॉंग बिअर जास्तीत जास्त ८ टक्के, म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली. माइल्ड ५ टक्के, म्हणजे जेमतेम साडेबत्तीस. आणि बिअरच्या बाटलीची किंमतही क्वार्टरच्या आसपासच रेंगाळते. ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत आणि ज्याला दिवसभराच्या कामानंतर अंग सैल पडायला हवंय, त्याच्यासाठी माइल्ड हा सगळ्यात तोट्याचा सौदा आहे. त्याने स्ट्रॉंग उचलली तर तो अडाणी ठरत नाही. तो हिशेबी आहे.

खरा दोष हिशेब मांडणाऱ्याचा. ज्या पेयात अल्कोहोल कमी, ते पेय परवडणारं हवं, हा जगभर मान्य झालेला साधा विचार. आपल्याकडे माइल्ड आणि स्ट्रॉंगमधला भावाचा फरक इतका किरकोळ असतो की दहा-वीस रुपयांसाठी कुणी 'चढणं' सोडून देत नाही. बिअरचा खप घसरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने बिअरवरच्या करांचा अभ्यास करायला एक समिती नेमली होती. पण तिथेही चिंता होती ती महसुलाची. लोक काय पितात आणि कशासाठी पितात, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर नव्हता.

हे गणित बिअरच्या चवीत उतरतं. आठ टक्क्यांपर्यंत स्वस्तात पोचायचं म्हणजे बार्लीच्या जोडीला साखर, मका किंवा तांदूळ घालून यीस्टला भरपूर खायला घालायचं. त्यातून येणाऱ्या चवीला माझ्याकडे मराठी वर्णन आहे: दुपारपर्यंत तसाच राहिलेला उसाचा रस, मागून घशात थोडी जळजळ. हा दोष झाकायला एकच उपाय, बाटली बर्फासारखी गार करणे. गारठ्याने जीभ बधिर होते. 'एकदम चिल्ड दे' ही मागणी म्हणजे 'मला चव कळू देऊ नकोस' अशी विनंती असते, आणि शॉपीवाला ती प्रेमाने पुरी करतो.

म्हणून माझी बिअर पारखायची पद्धत साधी आहे. शेवटचे चार घोट मुद्दाम ठेवायचे. ग्लास पंधरा-वीस मिनिटं टेबलावर राहू द्यायचा. गारवा उतरला की बिअरचा खरा चेहरा दिसतो. ज्या बिअरचे शेवटचे चार घोट पहिल्या चार घोटांपेक्षा बरे लागतात, ती चांगली.

लंडन, पिल्सेन आणि वाळूज

या पद्धतीने स्वस्तातल्या नेहमीच्या बाटल्या तपासल्या, तर निकाल वाटतो तितका वाईट नाही. किंगफिशर प्रीमियम, म्हणजे साधी माइल्ड, गार असताना साळीच्या लाह्यांसारखी लागते. हलकी, धान्याची गोडी, कडूपणा जेमतेम. कोमट झाली की तांदळाची पेज होते. पेज वाईट नसते, पण पेजेसाठी कुणी पैसे मोजत नाही. लंडन पिल्सनर मला तिच्यापेक्षा जरा बरी वाटते. ती कोरडी आहे, गोडी लवकर आवरते, आणि खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर तिचं छान जमतं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, तळलेल्या बोंबलाबरोबर, मी आजही तीच मागवतो. ही माझी स्वस्तातली पहिली पसंती आहे, आणि ती मी टॅपरूममध्येही सांगतो.

तिचं नाव मात्र बघण्यासारखं आहे. पिल्सनर म्हणजे बोहेमियातल्या पिल्सेन गावची बिअर. तिथे १८४२ मध्ये योजेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने पहिल्यांदा ती सोनेरी, स्वच्छ, कडसर लागर बनवली. लंडनचा तिच्याशी संबंध नाही, आणि आमच्या 'लंडन पिल्सनर'चा लंडन किंवा पिल्सेन, दोन्हींशी नाही. ती इथली आहे. आपल्याकडच्या बिअरला परदेशी आडनाव लावल्याशिवाय चैन पडत नाही. फॉस्टर्सच्या जाहिराती ऑस्ट्रेलियाचा जप करायच्या, आणि ती बिअर तयार व्हायची औरंगाबादजवळच्या वाळूजमध्ये. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गचाही कारखाना त्याच भागात.

वाळूज हे नाव बिअर पिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं. राज्यातल्या बिअरचा मोठा हिस्सा तिथल्या एमआयडीसीतून येतो, आणि त्या एमआयडीसीला पाणी येतं जायकवाडी धरणातून. एक लिटर बिअरमागे कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायचा आदेश दिला. बिअरला 'लोकल' म्हणायचं ते कशावरून, हा प्रश्न क्राफ्टच्या जमान्यात फार चघळला जातो. माझ्या मते राज्यातली सगळ्यात लोकल बिअर ही तीच, परदेशी नावाची स्वस्त बाटली. तिच्यात गोदावरीचं पाणी आहे. लेबलावर फक्त ते लिहिलेलं नसतं.

ग्लिसरिनची दंतकथा

आपल्याकडे लोकांना चवीची चिंताच नाही असंही नाही. ती चिंता एका विधीतून बाहेर पडते. बाटली उघडायची, पटकन उलटी करून पाण्याने भरलेल्या ग्लासात तिचं तोंड बुडवायचं, आणि बघत बसायचं. बाटलीतून एक पिवळसर धार पाण्यात खाली उतरते. 'बघ, ग्लिसरिन निघतंय!' मग उरलेली बिअर 'शुद्ध' झाली म्हणून प्यायची. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि हायवेच्या ढाब्यावर हा प्रयोग मी पाहिलेला आहे, आणि करणाऱ्याची गंभीर मुद्रा सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखी असते.

विज्ञान साधं आहे. बिअरमध्ये न आंबलेली थोडी साखर आणि धान्यातले इतर घटक विरघळलेले असतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड द्रव खाली येतो, हलकं पाणी वर बाटलीत जातं. उतरणारी ती पिवळी धार म्हणजे बिअरच. यीस्ट आंबवताना अगदी थोडं ग्लिसरॉल स्वतःच तयार करतं, प्रत्येक बिअरमध्ये, वाइनमध्येही. ते असं वेगळं होऊन बाहेर पडत नाही. या विधीतून हाती उरते ती पाणी मिसळलेली बिअर.

तरी मला या दंतकथेबद्दल आदर आहे. शॉपीतला माणूस तिच्यातून काहीतरी सांगतोय: 'या बाटलीत काय घातलंय ते मला कुणी सांगत नाही, आणि ही बिअर मला बरी लागत नाही.' तक्रार चवीची आहे. शब्द न मिळाल्यामुळे ती भेसळीचा वेष घेऊन आली आहे.

देवळालीचा ताप

आता टॅपरूम. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर तिथे महिनोन्‌महिने कंटाळून पडायचे, काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्द आला. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ब्रिटनमध्ये 'डूलाली' म्हणजे 'येडा' एवढाच अर्थ उरला. २००९ मध्ये पुण्यात एक मायक्रोब्रूअरी सुरू झाली, राज्यातल्या क्राफ्ट बिअरची ती सुरुवात, आणि तिने नाव घेतलं डूलाली. मराठी गावाचं नाव इंग्रजी सोजिराच्या तोंडून वाकडं होऊन, लंडन फिरून, पुण्याच्या मेनूकार्डावर परत आलं. आपल्या क्राफ्ट बिअरचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. वस्तू इथली, उच्चार तिकडचा.

त्यानंतरच्या वर्षांत पुण्यात इंडिपेंडन्स आणि एफिंगट आल्या, डोंबिवलीत गेटवे उभी राहिली, गोव्यात गोवा ब्रूइंग कंपनी आली. २०१५ मध्ये बिरा आली आणि कॉलेजच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा गव्हाची बिअर पडली. सुरुवातीला ती बेल्जियममध्ये बनून यायची. नावातला ९१ हा मात्र भारताचा दूरध्वनी कोड. चवीचं आश्वासन घेऊन आलेल्या या ब्रँडलाही पुढे 'बूम' नावाची स्ट्रॉंग काढावी लागली. उत्पादन शुल्काच्या तक्त्याने त्यांनाही गाठलंच. कंपनीने नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला तेव्हा राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली आणि विक्री अडकून पडली. या धंद्यात ब्रूअरपेक्षा कारकुनाचं पेन जड असतं.

टॅपरूमची जमेची बाजू मोठी आहे: ताजेपणा. बाटलीतली बिअर टिकावी म्हणून ती पाश्चराइज केलेली असते आणि महिनोन्‌महिने गोदामात राहू शकते. ब्रूपबमधली बिअर काचेपलीकडच्या टाकीतून थेट ग्लासात येते. ताज्या पावात आणि पाकिटातल्या ब्रेडमध्ये जेवढा फरक, तेवढाच इथे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये राज्याने ही ताजी बिअर बरणीत भरून घरी न्यायला परवानगी दिली, ती मला बिअरविषयीच्या फार थोड्या शहाण्या सरकारी निर्णयांपैकी एक वाटते.

उणी बाजू तिची भाषा. मेनूवर लिहिलेलं असतं, 'ट्रॉपिकल, स्टोन फ्रूट, पाइनी फिनिश'. पाइनचं झाड आपल्यातल्या किती जणांनी हुंगलंय? पीच आणि अॅप्रिकॉट किती जणांच्या लहानपणात होते? हे वाचून नवखा माणूस दबतो आणि आपल्याला चव कळत नाही असं धरून बसतो. मग तो सगळ्यात गोड बिअर मागतो किंवा मुकाट्याने स्ट्रॉंगकडे परततो. चवीची भाषा जेव्हा फक्त इंग्रजी शाळेची असते, तेव्हा ती चवीपेक्षा वर्ग ओळखायच्या कामी जास्त येते.

शिकरण, मठ्ठा आणि करपलेली भाकरी

खरं तर बिअर ही आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी वस्तू नाही. नाचणीचं सत्त्व कसं करतात आठवा. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. बार्लीचं माल्ट याच रीतीने होतं. मोड आले की धान्यातला स्टार्च साखरेकडे वळू लागतो. पुढचं काम विरजणासारखं, दह्यात जीवाणू करतात ते बिअरमध्ये यीस्ट करतं. इडलीचं पीठ फुगलेलं ज्याने पाहिलंय, त्याने अर्धी ब्रूअरी पाहिलेली आहे.

चवींचंही तसंच. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो वरून घातलेला नसतो, ते खास यीस्ट आंबवतानाच तयार करतं. गेटवेची व्हाइट झेन मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मेनूवरचे शब्द बाजूला राहिले आणि डोक्यात एकच शब्द आला: शिकरण. लवंग घातलेली, साखर कमी असलेली शिकरण. ती कोमट होताना आणखी खुलते. गव्हाच्या बिअरमध्ये माझी पहिली पसंती तीच. बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे बिराची व्हाइट पिताना ती चव कुठूनतरी ओळखीची वाटते. मला ती थोडी लाडावलेली वाटते, कडूपणा तिने फारच सोडून दिलाय. पण स्ट्रॉंगच्या पुढे पाऊल टाकणाऱ्याला तिच्याइतकी सोपी पायरी दुसरी नाही.

'गोझे' नावाचा एक जुना जर्मन प्रकार आहे: आंबट, त्यात मीठ आणि धणे. मेनूवर हे वाचून लोक तोंड वाकडं करतात. आंबट, खारट आणि धण्याची चव? अहो, लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा काय असतो? तोच कोथिंबीर-मिठाचा आंबट घोट, फक्त फसफसणारा. स्टाउटमध्ये काळी होईपर्यंत भाजलेली बार्ली असते. तिची चव म्हणजे तव्यावर जरा जास्त राहिलेल्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा, नाहीतर भाजक्या शेंगांचं करपलेलं टरफल. आमच्याकडे त्याला 'खरपूस' हा फार सुंदर शब्द आहे. ज्या ब्रूपबमध्ये स्टाउट बर्फगार देतात तिथे मी ग्लास दोन्ही हातांत धरून बसतो. ऊब लागली की खरपूसपणा वर येतो.

आणि आयपीए. हिच्या नावातच इंडिया आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटींतून इकडे यायची, नंतर बर्टनचे ब्रूअर या धंद्यात उतरले. बार्ली आणि हॉप्स तिकडचे, पिणारे साहेब तिकडचे. इंडिया फक्त पत्त्यापुरता. आज गोव्यात बनणारी एट फिंगर एडी ही आयपीए मला आवडते. तिचं नाव हणजुणेत राहिलेल्या एका हिप्पीचं. 'फार कडू आहे' म्हणून ती नाकारणाऱ्या मित्रांना मी विचारतो, की गुढीपाडव्याला कडुनिंब, पावसाळ्यात कारलं आणि बाळंतिणीला मेथी देणाऱ्या घरातला तू, तुला कडूची भीती कधीपासून? आपली जीभ कडूला सरावलेली आहे. कारल्याच्या भाजीत गूळ असतो, आयपीएत माल्टची गोडी असते. तोल तोच.

मेनूवर ज्याला 'पाइनी' म्हणतात तो वास म्हणजे आपली राळ, देवघरातला धूप. आणि ज्याला 'ट्रॉपिकल' म्हणतात, तो कैरीचा देठ मोडल्यावर येणाऱ्या चिकाचा वास. ही नुसती उपमा नाही. मिरसीन नावाचं सुगंधी द्रव्य हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. म्हणून उन्हाळा आला की आंब्याचा गर ओतून केलेल्या 'लोकल' बिअरचा मला कंटाळा येतो. बार्ली जर्मनीची, हॉप्स अमेरिकेचे आणि वरून हापूसचा टिळा. चांगला ब्रूअर गर न घालताही कैरी ऐकवू शकतो. कोकम आणि जांभळाचं थोडं वेगळं, त्यांचा आंबटपणा आणि तुरटपणा आंबट बिअरला खरोखर आधार देतो. प्रश्न असा विचारावा: फळ काढून घेतलं तर खाली बिअर उरते का?

दोनशे रुपयांत

आवडीची यादी मी दिली: उन्हाळ्यात लंडन पिल्सनर, पावसात खरपूस स्टाउट, दुपारच्या जेवणाआधी शिकरणीसारखी व्हाइट झेन, मासळीबरोबर गोझे, आणि एकट्याने पुस्तक वाचताना एडीची आयपीए. या यादीतली पहिली सोडली तर बाकीच्या प्यायला पुणे, मुंबई किंवा गोव्यात असावं लागतं आणि खिसाही तसा लागतो. परभणीत किंवा गोंदियात राहणाऱ्या वाचकाला यातली निम्मी यादी फोनच्या पडद्यावरच बघावी लागेल. क्राफ्ट बिअरवरची माझी खरी टीका ही आहे. तिने चव आणली, पण ती चव चार-पाच शहरांच्या चार-पाच मोहल्ल्यांत ठेवली. वाळूजच्या पाण्याची किंमत मात्र सगळा मराठवाडा देतो.

याला दोन गोष्टी लागतील. एक सरकारच्या हातात आहे: कर अल्कोहोलच्या प्रमाणात लावा, म्हणजे चार-साडेचार टक्क्यांची चांगली बिअर दोनशे रुपयांत तालुक्याच्या शॉपीतही ठेवणं परवडेल, आणि कमी चढणारं पेय निवडणारा माणूस तोट्यात जाणार नाही. दुसरी आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी ग्लास समोर आला की तो 'चढतो का' हे मित्राला सांगायच्या आधी, तो कशासारखा लागतो हे सांगा. लाह्या म्हणा, पेज म्हणा, मठ्ठा म्हणा, करपलेली भाकरी म्हणा. तो हसेल. मग तोही एक घोट घेऊन तुमच्याशी वाद घालेल की ही भाकरी बाजरीची नाही, ज्वारीची आहे. आणि हा वाद मिटेपर्यंत दुसरा ग्लास मागवायचं दोघांच्याही लक्षात राहणार नाही.